जुन्या वाड्याची, देवळाची डागडुजी करताय? या चुका टाळा

पेठांमधनं फिरलं की हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे जुनी विटांची भिंत आणि तिच्या खालच्या तीन-चार फुटांना नवंकोरं सिमेंट. ओल येत होती म्हणून लावलं म्हणतात. अहो, त्यानेच ओल वाढते! जुन्या वाड्यांना ओल अडवणारा थर नसतो, जमिनीतलं पाणी जोत्यातनं वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातनं वाळून बाहेर जातं. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आणखी वर सरकतं आणि क्षार विटेतच साठून लोणा लागतो, म्हणजे वीट क्षाराने भुगा होत झडते.

कसबा पेठेतल्या एका वाड्यात मालक काकांना परोपरीने सांगितलं की चुना वापरा, पण ठेकेदार म्हणाला चार दिवसात काम संपवतो, झालं, सिमेंट लागलं. पुढच्या पावसाळ्यात कमरेपर्यंतची ओल खांद्यापर्यंत गेली. सिमेंट काढायला घेतलं तर विटांचे तोंडचे पापुद्रे सोबत निघाले, मागे नुसता भुगा आणि भिंतीत दडलेल्या सागवानी खांबाचा पाय पार कुजलेला. गिलाव्याच्या खर्चात भागणारं काम खांब बदलण्यावर गेलं, फार वाईट वाटलं.

मी काहीही लावायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते बघतो. बहुतेक वेळा फुटका पन्हळ, गळकी मोरी नाहीतर अंगणात ओतलेलं काँक्रीट सापडतं. मग सिमेंट छिन्नी-हातोडीने काढायचं, ब्रेकर अजिबात नाही, भिंत वाळू द्यायची, आणि मगच चुना. कळीचा चुना पाण्यात विरवून काही आठवडे मुरवायचा (विरवताना उकळतो, डोळे सांभाळा), वाळू-सुरखी (विटेची भुकटी) घालून पातळ थर द्यायचे, मधनंमधनं पाणी मारायचं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. नवीन मुलं पहिल्यांदा चुन्यात घालायच्या गूळ आणि बेलफळाचं प्रमाण विचारतात. बाबांनो, आधी चुना नीट मुरवायला शिका, बाकीचं नंतर.

देवळाच्या काळ्या दगडाला ऑइल पेंट लावू नका. लावलेला असला तर सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करू नका, कोरीवकाम झिजतं ते परत येत नाही. अ‍ॅसिडने धुणं पण नको.

भिंतीतला पिंपळ वरून छाटला की तो आणखी जोमाने फुटतो, आणि ओढून काढला की मुळासोबत दगड येतात. रोप बोटभर असतानाच काढा. मोठा असेल तर मूळ मारून, सुकू देऊन, थोडं थोडं कापत सांधे चुन्याने भरत जायचं.

आणि परवानगी! शनिवारवाडा, पाताळेश्वर अशा केंद्र संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, २०१० पासून हे कायद्यातच आहे. १०० मीटरच्या आतलं घर असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, ती हातात आल्याशिवाय परांची बांधू नका.