प्रेसला फाइल देण्याआधी

मंडळाची निमंत्रणपत्रिका मी घरी इंकस्केपमध्ये करतो, बोधचिन्ह इलस्ट्रेटरमधून येतं आणि रावपुऱ्यातल्या प्रेसमध्ये सगळं काम कोरल ड्रॉमध्ये चालतं. तिन्ही चित्र आणि मांडणी करायचे प्रोग्रॅम आहेत. त्यात बडोद्यात पत्रिका मराठी आणि गुजराती दोन्ही लिपींत लागते. गणपतीच्या धावपळीत काही सुटू नये म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आधी प्रेसला फोन करून कोरलची आवृत्ती विचारा. नव्या आवृत्तीत केलेली सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, जुनीत उघडत नाही. जुन्या आवृत्तीसाठी वेगळी सेव्ह करावी लागते. इलस्ट्रेटरवाल्याला सांगा की एआय, म्हणजे इलस्ट्रेटरची फाइल, सेव्ह करताना पीडीएफ सुसंगततेची खूण राहू दे. ती काढली तर इंकस्केपला आतलं चित्र वाचताच येत नाही.

मग मजकूर. इथे घाई करू नका. एका वर्षी मी अक्षरं तशीच ठेवून एसव्हीजी, म्हणजे रेषाचित्राची फाइल, दिली. माझा फाँट प्रेसच्या संगणकावर नव्हता आणि ‘कार्यक्रम’मधला रफार सुटून ‘कार् यक् रम’ असं काहीतरी झालं. प्रूफ पाहायला गेलो म्हणून वाचलो. तेव्हापासून सगळं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, देतो: इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ. त्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण कर्व्ह झाल्यावर वेळ 7 ची 7.30 करायलाही टाइप करता येत नाही. गुजराती मजकूर कर्व्ह करण्याआधीच शेजारच्या बेनकडून वाचून घ्या. आणि ‘ल’, ‘श’ नीट पाहा: काही फाँटांत मराठी वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडली नसेल तर हिंदी वळणाची अक्षरं येतात. आपल्या पत्रिकेवर ती मला खटकतात. इलस्ट्रेटरमध्ये मराठी लिहिताना दक्षिण आशियाई कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवण्याची पद्धत, निवडलेला हवा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन बसते.

माप तपासायला इलस्ट्रेटरवाल्याला बोधचिन्हाच्या कोपऱ्यात 100 मिमीचा चौकोन काढायला सांगा. इलस्ट्रेटर इंचाला 72 पिक्सेल धरतो, इंकस्केप 0.92 पासून 96. त्यामुळे इलस्ट्रेटरची एसव्हीजी इंकस्केपमध्ये उघडली की तोच चौकोन 75 मिमीचा दिसू शकतो. तसं झालं तर सगळं निवडून 133.33 टक्के मोठं करा. बोधचिन्ह जागेवर बसलं की चौकोन काढून टाका. कडेला 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडा.

इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं. म्हणून काळी अक्षरं कोरलमध्ये फक्त काळ्या शाईची, म्हणजे के 100, करायला सांगा. चार शायांचं काळं बारीक अक्षराला पसरट करतं. भगवा छापल्यावर स्क्रीनइतका उजळ राहत नाही, तोही तिथेच ठरवा. फोटो लिंक न ठेवता फाइलमध्येच घाला. सावल्या आणि धूसर कडा शक्यतो टाळाच.

शेवटी एसव्हीजी, पीडीएफ आणि पत्रिका कशी दिसायला हवी ते दाखवणारी पीएनजी झिप करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रूफ पाहायला जाताना पट्टी न्या, आणि रफार असलेला प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचा.