पावसाच्या तोंडावर तलावातले सेन्सर तपासा

उन्हाळ्यात मासे पाळलेल्या तलावाच्या पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी कोमट राहते आणि तळाशी गार, जवळपास प्राणवायू संपलेले. पहिल्या जोरदार सरी आणि वाऱ्याने हे थर एकदम मिसळतात आणि सगळ्या पाण्यातला प्राणवायू घसरतो. त्यात आभाळ भरलेले असले की शेवाळही पुरेसा प्राणवायू तयार करत नाही. म्हणून या दिवसांत पहाटे 3 ते 6 चे आकडे बघा. दिवसाची सरासरी बघून काही कळत नाही, पहाटेची घट तिच्यात झाकली जाते.

नोंद दर 15 मिनिटांनी ठेवा. विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली सलग दोनदा गेला की मोबाइलवर इशारा यावा आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) सुरू व्हावा. 3 च्या खाली मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, तोवर थांबू नका. त्या सकाळी खाद्य बंद.

पण सेन्सरच मळलेला असेल तर? प्राणवायू प्रकाशाने मोजणाऱ्या ऑप्टिकल सेन्सरच्या टोपीवर हिरवट, बुळबुळीत पापुद्रा चढतो. तो दिवसा प्राणवायू सोडतो आणि रात्री खातो. आलेखातली दिवसरात्रीची तफावत रोज थोडी वाढताना दिसली, की आधी टोपी बघा. मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने पुसा; स्पिरिट किंवा ॲसिटोन लावले तर टोपी कामातून जाते. पुसण्याआधीचा आणि पुसल्यावर 10 मिनिटांनी पाण्यातला आकडा लिहून ठेवा. फरक लिटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आला तर साफसफाई दुप्पट वेळा करा. मग सेन्सर ओल्या फडक्यात सैल गुंडाळून सावलीत 15 मिनिटे ठेवा आणि 100 टक्के संपृक्ततेवर जुळवा. टोपीवर थेंब राहू देऊ नका.

सामूचा (पीएच) प्रोब 7 आणि 10 सामूच्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक सामूच्या द्रावणात, जुळवा. काढून ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. शुद्ध पाण्यात तो खराब होतो. क्षारतेचा (विद्युतवाहकतेचा) प्रोब मीटरला 1.413 डेसीसिमेन्सच्या द्रावणावर तपासा.

एकच सेन्सर असेल तर वर अर्ध्या मीटरवर टांगून तळाचा अंदाज येत नाही. जमल्यास दुसरा तळापासून 30 सेंटिमीटर वर लावा, चिखलात नको.

पाणी चढणार आहे, तेव्हा सेन्सर धरून तरंगणाऱ्या बोयाच्या नांगराचा दोर सैल करा. तो आखूड राहिला तर बोया पाण्याखाली ओढला जातो आणि सौर पॅनेलही बुडते. नोंद येणे थांबले तरी इशारा यावा, अशी सोय आजच करून घ्या.