पिसवा चावल्या, खाज थांबत नाही? या चुका टाळा

घोट्याभोवती बारीक लाल गांधी दोन-तीनच्या घोळक्याने उठल्या आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, तर पिसवांचा संशय घ्या. खाज सुटते ती पिसवेच्या लाळेच्या ॲलर्जीमुळे. म्हणून घरात एकजण खाजवून हैराण, तर दुसऱ्याला पत्ताही नसतो.

नखं लावणं. कातडी सोलवटली की जंतू शिरतात. साबण-पाण्याने धुऊन गार पाण्याची घडी 10 मिनिटं ठेवा. मग कॅलामाइन लोशनची बाटली नीट हलवून पातळ थर द्या. न हलवता लावलं तर वरचं नुसतं पाणीच लागतं. लहान मुलांची नखं आधी कापा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा.

‘थ्री-इन-वन’ मलम. सर्वात महागात पडणारी चूक हीच. मेडिकलमधून सहज आणलेल्या अशा ट्यूबमध्ये बहुधा जोरदार स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. पहिल्या दिवशी छान वाटतं; पण वारंवार लावल्यास कातडी पातळ होते आणि तिथे नायटा असेल तर तो लपून वाढतो. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन (सौम्य स्टेरॉइड मलम) दिवसातून दोनदा, जेमतेम आठवडाभर, तेही न फुटलेल्या गांधीवरच. रात्री झोप लागत नसेल तर मोठ्या माणसाला सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी 10 मिग्रॅ चालते, मात्र गुंगी येऊ शकते. गरोदरपणी किंवा किडनीचा त्रास असल्यास आधी विचारा.

लिंबू, चुना, टूथपेस्ट. आग होते, म्हणून खाज विसरते. एवढंच.

फक्त अंगावर उपचार. कुत्र्या-मांजराच्या केसांतली काळी कणी ओल्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. प्राण्याला पशुवैद्याने दिलेलंच औषध लावा. कुत्र्याचं परमेथ्रिन (पिसवा मारणारं औषध) मांजराला लावू नका, त्याने मांजर दगावू शकतं. अंथरूण-पांघरूण 60 अंशांच्या पाण्यात धुवा, फटी आणि सोफ्याखालची जागा व्हॅक्युमने साफ करा. घरात कीटकनाशकाची फवारणी केल्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा गांधी उठल्या म्हणून औषधाला नावं ठेवू नका: कोषातल्या पिसवांपर्यंत ते पोचत नाही, त्या मागाहून बाहेर पडतात. सफाई आणखी काही आठवडे चालू ठेवा.