लवकर निवृत्ती घेणाऱ्यांसाठी घरखर्चाची वही

पन्नाशीच्या आसपास स्वेच्छानिवृत्तीचा विचार करणाऱ्या बहुतेकांना घरखर्चाचा एक आकडा तोंडपाठ असतो. 'आमचे महिना ३२ हजारांत भागते' असे ते सांगतात, त्या आकड्याला बाराने गुणतात आणि पुढच्या चाळीस वर्षांची गणिते त्यावर मांडतात. हा आकडा सहसा खरा असतो, पण अपुरा असतो. पगार दर महिन्याला येतो, म्हणून नोकरदार माणूस खर्चही महिन्याच्या मापाने मोजतो. पगार थांबला की हे माप उपयोगाचे राहत नाही, आणि घरखर्चाचा विचार वर्षाच्या मापाने, काही बाबतीत तर दहा वर्षांच्या मापाने करावा लागतो. त्यासाठी राजीनामा देण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्ष जमाखर्चाची वही ठेवावी. नवे काम पाडव्याला सुरू करण्याची आपली रीत चांगली असली, तरी ही वही १ एप्रिलपासून लिहावी, कारण प्राप्तिकर, बँकेच्या व्याजाचा दाखला आणि महापालिकेचा मालमत्ता कर हे सगळे एप्रिल ते मार्च याच वर्षाने चालतात आणि मेळ घालणे त्यामुळे सोपे जाते.

रोजची नोंद त्याच दिवशी रात्री करावी. दोन दिवसांपूर्वी भाजीला किती दिले हे कोणालाच नीट आठवत नाही. महिनाअखेरीस त्या रोजकीर्दीवरून खतावणी करावी, म्हणजे रोजच्या नोंदी खर्चाच्या प्रकारांनुसार सदरांत लावाव्यात. सदरे बारांहून अधिक नसावीत: किराणा, दूध, भाजी-फळे, वीज-गॅस-पाणी, फोन-इंटरनेट, घरकामाच्या मावशींचा पगार, औषधोपचार, पेट्रोल-प्रवास, बाहेरचे खाणे, देणे-घेणे, घरदुरुस्ती आणि किरकोळ. यांपैकी शेवटच्या सदराकडे संशयाने पाहावे. 'किरकोळ'ची बेरीज महिन्याच्या एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांवर गेली, तर तिच्यात एखादे स्वतंत्र सदर दडलेले असते आणि ते बाहेर काढावेच लागते.

वही कागदाची असावी की संगणकावरची, हा वाद निरर्थक आहे. मात्र बँकेचे संदेश वाचून आपोआप हिशेब मांडणाऱ्या अ‍ॅपवर पूर्ण विसंबू नये. यूपीआयने दिलेली रक्कम कोणाला गेली एवढेच त्या अ‍ॅपला कळते. भाजीवाल्याचे, रिक्षावाल्याचे आणि शेजाऱ्याचे नाव त्याला सारखेच दिसते. शिवाय स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम, किंवा क्रेडिट कार्डाचे भरलेले बिल, ते कधी कधी पुन्हा खर्चात धरते.

नोंदी पुरेशा आहेत की नाही हे तपासण्याची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे शिल्लक जुळवणे. महिन्याच्या १ तारखेला सर्व बचत खात्यांतील रक्कम, पाकिटातील व कपाटातील रोकड यांची बेरीज लिहून ठेवावी. तीत महिन्याभरात आलेली जमा मिळवावी, गुंतवणुकीत गेलेली रक्कम वजा करावी आणि महिनाअखेरची शिल्लकही वजा करावी. उरते ती रक्कम म्हणजे घराबाहेर गेलेला पैसा. क्रेडिट कार्ड वापरत असल्यास न भरलेले बिल दोन्ही टोकांना देणे म्हणून वजा धरावे. हा आकडा वहीतील बेरजेपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त आला, तर फरक 'किरकोळ'मध्ये टाकून पुढे जावे. पै न् पै जुळवण्याच्या हट्टापायी वही बंद पडलेली घरे बरीच असतील. फरक दहा टक्क्यांचा असेल, तर मात्र एटीएममधून काढलेली रोकड कुठे जाते ते शोधावे.

आता दुसरी वही, जी बहुतेक घरांत नसतेच. तिच्यात वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च लिहावेत. समजा, नाशिकमध्ये स्वतःच्या सदनिकेत राहणारे ५२ वर्षांचे एक जोडपे आहे आणि त्यांचा दरमहाचा खर्च ३२,००० रुपये आहे. त्यांचा आरोग्यविम्याचा हप्ता ३८,०००, सोसायटीची वर्गणी २४,०००, मालमत्ता कर ७,०००, वाहनाचा विमा व सर्व्हिसिंग ९,०००, उन्हाळ्यात भरलेले वर्षाचे धान्य व मसाला १८,०००, गणपती-दिवाळी व कपडे ३०,००० आणि लग्नकार्ये, आहेर व प्रवास मिळून ४०,००० रुपये धरले, तर बेरीज १,६६,००० रुपये होते, म्हणजे दरमहा सुमारे १३,८००.

एवढ्यावर हे संपत नाही. घरातील प्रत्येक मोठी वस्तू कधी ना कधी बदलावी लागते आणि तिची झीज दरवर्षी होतच असते. ३०,००० रुपयांचा फ्रिज बारा वर्षे चालेल, २४,००० रुपयांचे वॉशिंग मशीन दहा वर्षे, एक लाखाची स्कूटर बारा वर्षे, दोघांचे मिळून ३०,००० रुपयांचे फोन पाच वर्षे, १४,००० रुपयांची इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षे आणि ७०,००० रुपयांचा घराचा रंग सात वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला सुमारे ३२,७०० रुपये, म्हणजे महिन्याला २,७०० रुपये बाजूला पडायला हवेत. तीनही रकमा मिळवल्या की ३२,००० रुपयांचे ४८,५०० होतात. नोकरीत हा फरक दिवाळीचा बोनस, रजेचा पगार आणि थकबाकी यांतून नकळत भरून निघत असतो, म्हणून तो जाणवत नाही. वर्षाची बेरीज ५ लाख ८२ हजारांच्या घरात जाते. महागाई सरासरी सहा टक्के राहिली, तर ती साधारण बारा वर्षांत, म्हणजे हे जोडपे चौसष्टीत पोचेपर्यंत, दुप्पट होईल.

नोकरी सुटल्यावर बदलणाऱ्या बाबींचे एक पान वेगळे करावे. कार्यालयात जाण्याचे भाडे आणि बाहेरचा चहा-नाश्ता वाचतो. उलट दिवसभर घरी राहिल्याने वीज व गॅस वाढतो आणि कंपनी भरत असलेले फोनचे बिल अंगावर येते. सर्वांत मोठा बदल आरोग्यविम्याचा. कंपनीचे सामूहिक संरक्षण नोकरीबरोबर संपते आणि पन्नाशीत नवी पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी, म्हणजे हा काळ पगार चालू असतानाच सरतो. काटकसर करायची असेल तर इतरत्र करावी; विम्याच्या रकमेत करू नये.

लवकर निवृत्त होणारा माणूस निवृत्त असतो, पण ज्येष्ठ नागरिक नसतो, ही गोष्टही हिशेबात हवी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे वयाची ६० वर्षे पूर्ण झाल्यावरच खाते उघडता येते. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ते ५५ नंतर उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. बावन्नाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला ते दार बंदच असते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील पेन्शन ५८ व्या वर्षापासून असते. ती पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ च्या आधीच्या दर वर्षामागे चार टक्के कपात होते आणि ती कायमची असते. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत ज्येष्ठांना ६५ पासून आहे. महिलांना मात्र मार्च २०२३ पासून वयाची अट नाही, त्यामुळे एकाच आसनावर बसून गावी जाणाऱ्या नवरा-बायकोच्या तिकिटांत निम्म्याचा फरक पडतो. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे.

खर्चाला आळा घालण्यासाठी स्वतःला पगार देण्याची पद्धत उपयोगी पडते. दोन बचत खाती ठेवावीत. ठेवींचे व्याज, लाभांश आणि इतर सर्व जमा पहिल्या खात्यात यावी आणि त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम, वरच्या उदाहरणात ३२,००० रुपये, दुसऱ्या खात्यात वळती व्हावी. घरातले सगळे व्यवहार त्या दुसऱ्याच खात्यातून करावेत. वार्षिक खर्चाचे आणि वस्तू बदलण्याच्या खर्चाचे मिळून १६,५०० रुपये त्याच दिवशी आवर्ती ठेवीत टाकावेत, म्हणजे जूनमध्ये विम्याचा हप्ता आला की मूळ ठेव मोडण्याची वेळ येत नाही.

काटकसर कुठे करायची हे वहीच दाखवते. तिच्याआधी ठरवू नये. बहुतेक जण प्रथम दूध-भाजीवर घसरतात, जिथे वाचते थोडे आणि घरात चिडचिड होते फार. विजेचे तसे नाही. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि टप्प्यापलीकडच्या युनिटना चढा दर लागतो. दर १ आणि १५ तारखेला मीटरचे आकडे वहीत उतरवले, तर महिन्याच्या मध्यावरच अंदाज येतो. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली, की तो किती दिवस पुरतो हे कळते. वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत दोघांच्या घरात गहू-तांदळापुरती ठेवावी. डाळी तीन-तीन महिन्यांच्या घ्याव्यात, कारण भुंगा लागलेली डाळ स्वस्तात घेतलेली नसते. देणे-घेणे हे सदर मात्र नाजूक आहे. आहेराची रक्कम नाते पाहून, वर्षाच्या सुरुवातीला, दोघांनी बसून ठरवावी आणि मांडवात बदलू नये. निवृत्तीच्या रकमेची कुणकुण लागलेले नातलग हातउसने मागतात. त्यांना द्यायचेच असेल, तर परत आले नाही तरी चालेल एवढेच द्यावे आणि वहीत ते खर्च म्हणून लिहावे.

मार्चअखेरीस गेल्या वर्षाची आणि या वर्षाची सदरे शेजारी शेजारी मांडावीत. सरकारी महागाईचा दर हा देशाची सरासरी असतो. आपल्या घराचा दर औषधे, विमा आणि घरकामाचे पगार यांच्यामुळे त्याहून वेगळा निघू शकतो. तोच दर पुढच्या वर्षाच्या 'पगारा'त धरावा. ज्या वर्षी शेअर बाजार पडलेला असेल, त्या वर्षी ही वाढ न घेता प्रवास आणि खरेदी पुढे ढकलावी. ही बैठक पती-पत्नींनी मिळून करावी. वहीच्या शेवटच्या पानावर खाती, ठेवींच्या मुदती, पॉलिसी आणि नामनिर्देशन यांची यादी दोघांनाही वाचता येईल अशा अक्षरात लिहावी आणि त्या दिवशीच ती ताजी करून घ्यावी.