आरसी हेलिकॉप्टर: पावसाळा सिम्युलेटरवर, मग मैदानात

नाशकात जून ते सप्टेंबर मैदानं चिखलाची असतात आणि पश्चिमेचा वारा हटत नाही. आरसी म्हणजे रेडिओ रिमोटनं उडवायचं छोटं हेलिकॉप्टर घरबसल्या सिम्युलेटरवर (संगणकावरच्या सरावाच्या प्रोग्रॅमवर) शिकायला सुरुवात करण्यासाठी हाच काळ उत्तम. ४५० आकाराच्या हेलिकॉप्टरची पाती साधारण ३२५ मिमी लांब असतात आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतात. मैदानात एकदा आपटलं की पाती, मेन शाफ्ट (रोटरचा उभा दांडा), फेदरिंग शाफ्ट (पाती धरणारा आडवा दांडा) आणि बहुधा मेन गिअरही बदलावा लागतो. त्यामुळे सुरुवातीची आपटाआपटी स्क्रीनवरच उरकून घ्या.

गेमपॅडवर शिकू नका. त्याची डावी स्टिक सोडली की मधोमध येते. ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) थ्रॉटल स्टिक, म्हणजे ताकद कमी-जास्त करणारी, ठेवाल तिथेच राहते. पुढे जो ट्रान्समीटर वापरणार, तोच सिम्युलेटरला जोडा. रेडिओमास्टरसारखे एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारे ट्रान्समीटर यूएसबी केबल लावून ‘जॉयस्टिक’ निवडलं की ओळखले जातात. फ्लायस्काय एफएस-आय६ ला मागच्या ट्रेनर पोर्टात बसणारी सिम्युलेटर केबल लागते. सॉफ्टवेअर नेक्स्ट, ॲक्युआरसी, रिअलफ्लाइट यांपैकी कोणतंही चालेल. टीव्हीला जोडणार असाल तर गेम मोड लावा, नाहीतर चित्र हातामागे रेंगाळतं आणि तुम्ही उगाचच जास्त स्टिक द्यायला शिकता.

बहुतेकांचं घोडं अडतं ते जोडणीत. ट्रान्समीटरमध्ये सिम्युलेटरसाठी वेगळं मॉडेल बनवा: स्वॅशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) एका सर्वोची (तबकडी हलवणाऱ्या छोट्या मोटरची) म्हणजे एच-१, थ्रॉटल कर्व्ह सरळ ० ते १००, सगळे ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) मध्यावर, कुठलंही मिक्सिंग (एका स्टिकनं अनेक सर्वो हलवणं) नाही. मिक्सिंगचं काम सिम्युलेटर स्वतः करतो. मग कॅलिब्रेशनच्या पानावर प्रत्येक स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवा. एकच स्टिक हलवल्यावर स्क्रीनवरच्या दोन-तीन पट्ट्या हलल्या तर सीसीपीएम (तीन सर्वोंचं मिक्सिंग) चालू राहिलं आहे. तसंच उडवलं तर हेलिकॉप्टर वेडंवाकडं जातं आणि दोष आपल्या हातात आहे असं वाटत राहतं.

मॉडेल मोठं घ्या, ६०० किंवा ७०० आकाराचं. ते शांत असतं. सायक्लिकला (पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलवणाऱ्या स्टिकला) २०–३० टक्के एक्स्पो द्या, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ वागते, वारा शून्य ठेवा. कॅमेरा वैमानिकाच्या जागी स्थिर ठेवा आणि जमीन दिसत राहील इतपतच झूम करा. जमीन दिसेनाशी झाली की अंतराचा अंदाज चुकतो.

पहिला धडा टेल-इन होव्हर, म्हणजे एका जागी तरंगणं: शेपूट आपल्याकडे, उंची दोन-तीन मीटर. तीन मीटरच्या चौकोनात दोन मिनिटं टिकलं की पुढे जा. मेन रोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, तर टेल रोटरच्या रेट्यामुळे हेलिकॉप्टर डावीकडे सरकू पाहतं. म्हणून होव्हरमध्ये ते किंचित उजवीकडे कललेलं असतं. ही बिघाडाची खूण नाही, ट्रिमशी झगडू नका.

मग नाक ४५ अंशांत वळवून, दोन्ही बाजूंनी, मग पूर्ण आडवं, शेवटी नोज-इन, म्हणजे नाक आपल्याकडे. नोज-इनवर भरपूर वेळ द्या, कारण इथेच हात उलटे पडतात. एक नियम पुरतो: हेलिकॉप्टर तुमच्या ज्या हाताकडे कललं, त्याच हाताकडे स्टिक ढकला. मागे ओढली की ते तुमच्यापासून दूर जातं. हे विचार न करता जमेपर्यंत मैदानाचं नाव काढू नका. रोज वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरे. थकलेली बोटं चुकाच गिरवतात.

त्यानंतर इंग्रजी आठ काढा, प्रत्येक वळण आपल्यापासून दूर जाणारं ठेवा. वळणात हेलिकॉप्टर खाली बसतं, तिथे थोडं कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा एकत्र कोन, म्हणजे उचल) वाढवा. सरळ खाली झपाट्यानं उतरवलं तर ते स्वतःच्याच वाऱ्यात सापडून डगमगतं; अशा वेळी पुढे सरकवून बाहेर काढा.

सगळ्यात महत्त्वाची सवय: आपटणार असं दिसताच आधी थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच), मग रीसेट. रीसेटला चटावलेला हात मैदानात मोटर बंद करत नाही, आणि अडकलेल्या रोटरला मोटर रेटत राहिली की गिअरचे दात जातात, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट) जळतो. होल्डचा स्विच सिम्युलेटरवर आणि मैदानात एकाच जागी ठेवा.

मैदान निवडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा हवाई नकाशा बघा. ओझरला विमानतळ आणि एचएएल, गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. नकाशातल्या रेड झोनमध्ये (उड्डाणबंदीच्या भागात) केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. द्राक्षबागांजवळ नको, तिथल्या तारा हवेत दिसत नाहीत आणि मजूर वेलींआड असतात. सकाळी वारा चढण्याआधी जा, ट्रेनिंग गिअर (उलटू नये म्हणून खाली लावायच्या रुंद काड्या) लावा, स्वतः किमान दहा मीटर मागे उभे राहा. टायमर चार मिनिटांचा ठेवा. उतरल्यावर लायपो बॅटरीचा कोणताही सेल ३.७ व्होल्टच्या खाली सापडला तर पुढच्या वेळी अर्धा मिनिट कमी करा.