लिफ्ट केलेल्या गाडीला रुंद टायर: बॅकस्पेसिंग किती घ्यावं?

लिफ्टमुळे, म्हणजे सस्पेन्शन उंच केल्यामुळे, जागा वर वाढते, आत नाही. म्हणून रुंद टायर स्प्रिंगला किंवा कंट्रोल आर्मला (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला) घासतो.

रिम तोंडावर पालथी ठेवा, आतल्या काठावर सरळ पट्टी आडवी धरा, तिथपासून हबला (चाक जिथे बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत मोजा: हेच बॅकस्पेसिंग. रिमची रुंदी तीच असेल, तर 245 मिमी रुंद टायरवरून 285 वर गेल्यावर टायर आत आणि बाहेर 20-20 मिमी फुगतो. आतली मोकळीक पूर्वीइतकी हवी तर बॅकस्पेसिंग 20 मिमी कमी घ्या, 127 असेल तर 107. मग बाहेरची वाढ मात्र 40 मिमी होते!

याहून कमी करू नका. नाहीतर टायर फेंडर-बंपरला लागतो, बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं.

इंदूरकरांनी पावसाळ्यात चोरलकडे जाताना काळ्या मातीचाही हिशेब धरावा; ती रिमच्या आत थापली जाते. स्थिर गाडीत टायरच्या आतल्या बाजूला बोट जाईल एवढी फट मला पुरेशी वाटत नाही, दोन बोटं तरी हवीत. रिम घेण्याआधी एक पुढचं चाक उंच दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फट तेव्हा मोजा.