दोन टीएमसीच्या धरणात सहा टीएमसी

एप्रिल उजाडला की पत्रकारिता शिकणाऱ्या ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. ताई, पेपरात इंटर्नशिप लागलीये, काय घालून जाऊ? लॅपटॉप लागेल का? पैसे देतात का? कपडे घामाला चालतील असे घाला. लॅपटॉप असेल तर न्या, नसेल तर अडत नाही. पैशांचं म्हणाल तर मला पुण्यातल्या एका मराठी दैनिकात दोन महिन्यांत एक रुपया मिळाला नाही, बसचा पाससुद्धा माझाच. पहिल्याच दिवशी तोंड उघडून विचारा. प्रमाणपत्रावर सही कोण करणार तेही तेव्हाच विचारा, कारण जूनच्या शेवटी ते साहेब नेमके सुट्टीवर असतात. मी विचारलं नव्हतं. न विचारण्याची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

इंट्रो म्हणजे बातमीची सुरुवात कशी लिहायची, कोण-काय-कधी-कुठे-का हे पाच 'क' कुठले, हे कॉलेजात झालेलंच असेल. ते सोडते. एवढंच करा की एप्रिलमध्ये इनस्क्रिप्ट या कीबोर्डवरचं मराठी टायपिंग पक्कं करून घ्या. मोबाईलवर बोलून टाइप केलेली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, डेस्कवर (बातम्या तपासून पानं लावणाऱ्यांकडे) गेली की रफार आणि जोडाक्षरं दुरुस्त करत कुणीतरी बसतं, आणि ते कुणीतरी तुम्हाला विसरत नाही.

आता माझी गोष्ट. मी इंदापूर तालुक्यातली. आमच्या शेताला खडकवासला धरणाच्या कालव्याचं पाणी, तेही अगदी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. पुण्यात मावशीकडे धायरीला राहायचे, रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणीस खाऊन आलेली. म्हणजे या धरणाबद्दल चुकायचा हक्क अख्ख्या ऑफिसात कुणाला नसेल तर तो मला. आणि चुकले मीच.

तिसऱ्या आठवड्यात पाणीसाठ्याचा तक्ता माझ्याकडे आला. उन्हाळ्यात तो रोज येतो. धरणाचं नाव, उपयुक्त (म्हणजे वापरता येणारा) साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत), टक्के, गेल्या वर्षी याच दिवशी किती होता. वर 'खडकवासला प्रकल्प' असं लिहिलेलं, तळाला बेरजेची ओळ. मी बेरजेची ओळ उचलली. जवळजवळ सहा टीएमसी, वीस टक्के. 'खडकवासला धरणात सहा टीएमसी पाणी' असा मथळा दिला. आठ ओळींची सिंगल कॉलम बातमी, जिल्ह्याच्या पानावर. डेस्कने ऱ्हस्वदीर्घ पाहिलं आणि पान सोडलं.

हे जरा सविस्तर सांगते, पुण्यात राहणाऱ्यांनाही ते माहीत असतंच असं नाही. खडकवासला प्रकल्प म्हणजे चार धरणं. उपयुक्त साठ्याची क्षमता वरसगावची 12.82 टीएमसी, पानशेतची 10.65, टेमघरची 3.71. आणि ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, त्या खडकवासल्याची अवघी 1.97. मिळून 29.15. मागच्या तिघांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून शहराला आणि कालव्याला जातं, म्हणून साखळीला नाव त्याचं. एक टीएमसी म्हणजे साधारण 2831 कोटी लिटर. मी चार धरणांचं पाणी एका धरणात ओतलं होतं, आणि ते धरण काठोकाठ भरलं तरी त्यात पुरते दोन टीएमसीही मावत नाहीत.

सकाळी वडिलांचा फोन. "एकट्या खडकवासल्यातच सहा असंल तर मागच्या तिघांत किती असंल गं? मग आवर्तन का सोडंनात?" आवर्तन म्हणजे कालव्याला शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी. गावात पारावर सकाळपासून तेच चाललं होतं, माझ्या आठ ओळींवरून. ऑफिसात पोचले तर तिथलाही फोन वाजत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. "बाळ, धरणात बसतं दोन. तुम्ही सहा आणलंत. वरचं चार ठेवलंत कुठे?" ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसत होते.

खरी गोम पुढेच आहे. शंका मला आदल्या रात्रीच आली होती! तक्त्यात वर खडकवासल्याची स्वतःची ओळ होती, तिथे एकच्या आसपासचा आकडा होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. पण तेव्हा पावणेनऊ वाजले होते. समोरच्या उपसंपादकाकडे तीन पानं, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती अजून सुटायची होती, जाहिरात ऐन वेळी बदललेली. अशा माणसाला 'सर, प्रकल्प म्हणजे धरणच ना?' असं विचारायची मला लाज वाटली. एवढंही कळत नाही असं त्यांना वाटेल म्हणून गप्प बसले, आणि एवढंही कळत नाही हे दुसऱ्या दिवशी छापून जिल्हाभर वाटलं गेलं.

म्हणून सांगते, शंकेची एक वेळ असते. सकाळच्या मीटिंगनंतर, दुपारी दोन ते पाच, ऑफिसात चहा फिरत असतो तेव्हा काहीही विचारा, कुणीही सांगतं. सात वाजले की तीच माणसं वेगळी होतात, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तक्ता दुपारी आला असेल तर दुपारीच वाचा. मी तो चारला मिळवून आठला उघडला होता. आणि रात्रीच शंका आली तर? तरीही विचारा. वसकन अंगावर येतील. येऊ देत. किंवा तो आकडाच काढून टाका. आठ ओळींची बातमी सहा ओळींची झाल्याने पेपर बंद पडत नाही.

प्रत्येक आकड्याला विचारायचं, तू कशाचा? हे धरणापुरतं नाही. इंटर्नशिपच्या काळातच दहावीचा निकाल लागतो आणि 'पुणे विभाग' म्हणून टक्केवारी येते. बोर्डाचा पुणे विभाग म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे तीन जिल्हे. महसूलचा पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच. 'पुण्याचा निकाल इतके टक्के' असं लिहून मोकळे झालात तर तुम्हीही माझ्याच धरणात पडलात.

धरणाची चूक दुरुस्त होते. एक चूक होत नाही, तिच्याबाबत मी गोड बोलणार नाही. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 72 लागू आहे. लहान मुलांसाठी पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम 23 आहेच, त्यात नावाबरोबर पत्ता, फोटो, शाळा, घरचे, शेजारपाजारही आले. पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या नोटमध्ये वस्तीचं नाव असलं तरी ते उचलायचं नाही. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव दिल्यानेही मुलगी कोण ते गावाला कळतं. इथे शंका आली तर पावणेनऊ काय, मध्यरात्रीसुद्धा उठवा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडू आहे. ज्यांच्या ओळखीने इंटर्नशिप मिळते, ते दोन महिन्यांत दोनदा भेटतात. नाव झालेले वार्ताहर बरोबर न्यायला तयार असतात, पण त्यांच्या गाडीवर मागे बसून तुम्हाला फक्त त्यांचे किस्से मिळतात. मला शिकवलं ते मुद्रितशोधक बाईंनी. त्या माझ्या कॉपीवर लाल पेनाने फक्त गोल करायच्या, दुरुस्ती लिहायच्या नाहीत. गोल का केला ते मी शोधायचं. अशी माणसं आता प्रत्येक पेपरात उरलेली नाहीत. असतील तर त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा.

शॉर्टकटचं म्हणाल तर सगळ्या वार्ताहरांचा मिळून एक ग्रुप असतो, तिथे तयार बातमी पडते आणि दुसऱ्या दिवशी चार पेपरांत एकच इंट्रो दिसतो. त्यात शिरू नका. एआयकडून कॉपी लिहून घेऊ नका. त्यातलं 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' हे वाक्य आमच्या डेस्कला दुसऱ्या ओळीतच ओळखू येतं, आणि मग तुमची खरी वाक्यंही संशयाने वाचली जातात.

मला काढून टाकलं नाही. इतकी घाबरले होते की मावशीला बॅग भरते म्हणाले होते. वृत्तसंपादकांनी तीन ओळींची दुरुस्ती मलाच लिहायला लावली, ती चार वेळा परत केली, आणि मग म्हणाले, "टेलला पाणी का पोचत नाही, यावर कर काहीतरी. फक्त वडिलांचं वाक्य घालायचं नाही." दौंडपासून पुढे दोन दिवस एसटीने कालव्याकाठी फिरले. कालव्याच्या दाराला लागलेली गळती पाहिली, पाणी उपसणाऱ्या मोटारी पाहिल्या. ती माझी पहिली बायलाइन, म्हणजे माझ्या नावानिशी छापलेली बातमी. वडिलांनी कात्रण ठेवलंय, पण त्यांचं नाव नाही म्हणून अजून कुरकुरतात.

त्या काकांचा नंबर माझ्या फोनमध्ये 'दोन टीएमसी' या नावाने आहे. पुढे जुलैत खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला तेव्हा मीच फोन केला, दुपारी तीनला. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट, तो वेग झाला, साठा नव्हे, हे त्यांनी मला पेन घ्यायला लावून शिकवलं. 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी सुटलं की एक टीएमसी. फोन ठेवताना म्हणाले, "आता भागाकार करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." करून पाहिला. बरोबर आला.